खनिज, ऊन आणि पाणी: सूर्यप्रकाशातून हायड्रोजन काढणाऱ्या खनिज-संमिश्रांबद्दल वारंवार येणारे प्रश्न

शाळा-महाविद्यालयांत आणि शेतकऱ्यांच्या गटांत या विषयावर बोलायला जातो, तेव्हा आणि त्यानंतर कित्येक आठवडे फोनवर, ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. पहिले काही सोपे आहेत. शेवटचे काही या विषयात प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आहेत आणि ते मुद्दाम सविस्तर घेतले आहेत.

१. खनिजाची पूड पाण्यात टाकून उन्हात ठेवली की हायड्रोजन निघतो, हे खरं आहे का?

काही ठरावीक खनिजांच्या बाबतीत खरं आहे, पण कुठल्याही मातीच्या बाबतीत नाही. पूड अर्धवाहक (सेमीकंडक्टर) असावी लागते, तिने उन्हातला योग्य रंगाचा प्रकाश शोषावा लागतो, आणि तिच्या पृष्ठभागावर वायू तयार व्हायला मदत करणारे दुसऱ्या पदार्थाचे बारीक ठिपके असावे लागतात. एवढं जमलं, तर पाण्यातून खरोखर बुडबुडे येतात. बाहेरून तार नाही, बॅटरी नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचं अप्रूप वाटतं, आणि वाटायलाच हवं.

२. पण पाणी फुटतं कसं? प्रकाशात एवढी ताकद असते?

प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, अर्धवाहकावर पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी घेतो. मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर येऊन पाण्यातल्या हायड्रोजन आयनांना मिळाला की हायड्रोजन वायू होतो. होल पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ऑक्सिजनच्या एका रेणूला चार होल. म्हणून ऑक्सिजनची बाजू नेहमीच मागे रेंगाळते.

पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात वाटेत ऊर्जा वाया जाते, त्यामुळे दोन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून मोठा बँडगॅप असलेला पदार्थ लागतो. बँडगॅप म्हणजे ती उडी किती उंच आहे त्याचं माप.

सगळी अडचण एका गोष्टीत आहे. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना पुन्हा भेटायला टपलेले असतात. भेटले की मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि पाणी जसंच्या तसं राहतं. या क्षेत्रातली पन्नास वर्षांची बहुतेक मेहनत या दोघांना वेळेत वेगळं करण्यात गेली आहे. संमिश्रं बनवायची तीही मुख्यतः त्यासाठीच.

३. खनिज-संमिश्र म्हणजे नक्की काय? खनिज कोणतं आणि बाकीचं काय?

संमिश्र म्हणजे दोन किंवा जास्त घटक एकत्र बसवून केलेला पदार्थ. खनिज-संमिश्र या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

पहिल्या प्रकारात खनिज स्वतःच प्रकाश पकडतं. टायटॅनियम डायऑक्साइड निसर्गात रुटाइल आणि ॲनाटेस या खनिजांच्या रूपात सापडतं. लोहाचं हेमाटाइट, कॅडमियम सल्फाइडचं ग्रीनोकाइट, बिस्मथ व्हॅनाडेटचं क्लायनोबिस्व्हॅनाइट हीसुद्धा खनिजंच. प्रयोगशाळेत मात्र ती बहुतेक वेळा रसायनांपासून नव्याने घडवलेली असतात. रचना खनिजाची, पण दगड खाणीतून आणलेला नसतो.

दुसऱ्या प्रकारात खनिज हे आधाराचं काम करतं. हॅलॉइसाइट, मॉन्टमोरिलोनाइट, केओलिन या चिकणमाती, किंवा झिओलाइट. ही स्वतः दृश्य प्रकाश जवळजवळ वापरत नाहीत. प्रकाश पकडणाऱ्या कणांना ती जागा देतात आणि एकमेकांपासून दूर ठेवतात. याचा तपशील प्रश्न ७ मध्ये आहे.

४. हा शोध नवा आहे का?

नाही. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. रुटाइलचा एक इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमचा दुसरा पाण्यात ठेवून रुटाइलवर प्रकाश टाकला, तर पाणी फुटतं, असं त्यात दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या. पुढे इलेक्ट्रोडऐवजी नुसती पूड वापरता येते हे कळलं, आणि मग संमिश्रांचं दार उघडलं.

५. टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आहे, बिनविषारी आहे, टिकाऊ आहे. मग काम झालं की! अजून शोध कशाला?

ते उन्हाचा फार थोडा भाग वापरतं म्हणून. ॲनाटेसचा बँडगॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाशच त्याला चालतो. रुटाइलचा ३.०, तो थोडा पुढे जातो. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. बाकीचं ऊन या पांढऱ्या पुडीवरून परत जातं. ती पांढरी दिसते त्याचं कारणच ते.

हिशेब असा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रत्येक फोटॉन कामी आला तरी उन्हातली फक्त २ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा हायड्रोजनमध्ये जाते. ६०० नॅनोमीटरपर्यंत पोचलो, तर हीच मर्यादा १६ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून सगळ्यांची नजर पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगाच्या पुडींकडे असते.

ॲनाटेस आणि रुटाइल एकत्र असले तर ते एकेकट्यापेक्षा बरं काम करतात, कारण इलेक्ट्रॉन एकीकडे आणि होल दुसरीकडे सरकतो. साधारण ८० टक्के ॲनाटेस आणि २० टक्के रुटाइल असलेली एक व्यापारी पूड जगभर तुलनेसाठी वापरतात. संमिश्राचं सगळ्यात साधं उदाहरण तेच: पदार्थ एक, रचना दोन.

६. गेरू म्हणजे हेमाटाइटच ना? गोव्यात, रेडीला, सुरजागडला डोंगरच्या डोंगर आहेत. त्याचं काय?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. होय, तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूचा लाल रंग हेमाटाइटचाच, आणि त्यात चिकणमाती मिसळलेली असते. म्हणजे तेही एक खनिज-संमिश्रच.

हेमाटाइटचा बँडगॅप २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे. ५९० नॅनोमीटरपर्यंतचं ऊन त्याला चालतं, पाण्यात ते विरघळत नाही आणि लोह मुबलक आहे. कागदावर त्याची कमाल कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या जवळ जाते.

तरी दोन ठिकाणी घोडं अडतं. त्यातला होल दोन ते चार नॅनोमीटर एवढाच प्रवास करतो आणि मग इलेक्ट्रॉनला जाऊन मिळतो. प्रकाश पुरेसा शोषायचा, तर थर शंभर-एक नॅनोमीटर जाड लागतो. म्हणजे आत खोलवर तयार झालेले जवळजवळ सगळे होल पाण्यापर्यंत पोचण्याआधीच संपतात. दुसरी अडचण अशी की त्यातला इलेक्ट्रॉन हायड्रोजन तयार करण्याइतक्या उंच पातळीवर नसतो. त्यामुळे हेमाटाइट ऑक्सिजनची बाजू सांभाळू शकतं, पण हायड्रोजनसाठी त्याला बाहेरून व्होल्टेज किंवा दुसऱ्या अर्धवाहकाची जोड लागते. दोन अर्धवाहकांनी काम वाटून घ्यायच्या या पद्धतीला झेड-योजना म्हणतात. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातही अशीच दोन टप्प्यांची साखळी असते.

खाणीतलं हेमाटाइट दळून थेट वापरता येत नाही, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

७. चिकणमाती प्रकाशच शोषत नसेल, तर ती घालायची कशाला?

समजा कॅडमियम सल्फाइडचे पाच-सहा नॅनोमीटरचे कण केले. असे कण पाण्यात सोडले की ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. पोह्यांना पाणी जास्त झालं की त्यांचा लगदा होतो, तसंच. गोळ्याच्या आतल्या कणांना ना पाणी मिळतं ना प्रकाश. चिकणमाती या कणांना एकेक जागा देऊन बसवते.

यात माझं सगळ्यात लाडकं खनिज हॅलॉइसाइट. केओलिनच्याच कुळातलं, पण त्याचे थर सपाट न राहता गुंडाळलेल्या चटईसारखे नळ्या होऊन बसतात. नळी बाहेरून साधारण ५० नॅनोमीटर जाड, आतली पोकळी १५ नॅनोमीटरच्या आसपास, लांबी एक मायक्रोमीटरच्या मागेपुढे. बाहेरचा पृष्ठभाग सिलिकाचा, पाण्यात ऋण भाराचा. आतला ॲल्युमिनाचा, धन भाराचा. त्यामुळे एक पदार्थ नळीच्या आत आणि दुसरा बाहेर बसवता येतो. माणसाने एवढी बारीक नळी घडवायची म्हटली तर केवढा खटाटोप करावा लागेल! इथे ती जमिनीतून निघते. मॉस्कोच्या गुबकिन विद्यापीठातल्या संशोधकांनी या नळ्यांवर कॅडमियम सल्फाइडचे कण आणि रुथेनियम बसवून दृश्य प्रकाशात हायड्रोजन काढण्याचं काम केलं आहे.

मॉन्टमोरिलोनाइटची तऱ्हा वेगळी. त्याचे एक नॅनोमीटर जाडीचे थर पानांसारखे एकावर एक असतात आणि मध्ये पाणी व धन आयन शिरतात. पूर्ण सुटे केले, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या आसपास भरतो. थरांच्या मधल्या फटीत अर्धवाहक वाढवला, की तो फटीपेक्षा मोठा होऊच शकत नाही. कणाचा आकार आपोआप ठरतो.

पण माती जास्त झाली की तीच प्रकाश अडवते आणि विखुरते. तीव्र आम्लात किंवा अल्कलीत ती हळूहळू विरघळतेही. आधार म्हणून किती घालायची हे प्रत्येक वेळी करून बघूनच ठरतं.

८. आमच्या शेतातली काळी माती चालेल का? ती मॉन्टमोरिलोनाइटचीच असते असं वाचलं.

वाचलंत ते बरोबर आहे. दख्खनच्या काळ्या कापसाच्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली चिकणमाती भरपूर असते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, ते त्या पानांसारख्या थरांमध्ये पाणी शिरल्या-निघाल्यामुळे. अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात ते बेंटोनाइटही मुख्यतः हेच खनिज. आपल्याकडे येणारं पुष्कळसं कच्छमधून येतं.

पण शेतातली माती जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात लोहाची संयुगं, चुनखडी, वाळू आणि सेंद्रिय पदार्थ असतात. लोह बऱ्याचदा इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकत्र आणणारी जागा बनतं, म्हणजे प्रश्न २ मधली नको ती भेट घडवून आणतं. सेंद्रिय पदार्थ तर मोजमापच बिघडवतात, कारण होल पाण्याऐवजी त्यांनाच जाळतो. कसं, ते प्रश्न १२ मध्ये सांगितलं आहे. म्हणून माती धुवावी, गाळावी, आयन बदलून घ्यावी लागते. शुद्धीकरणाच्या या खर्चानंतरही माती स्वस्त पडते, पण फुकट पडत नाही.

हेच पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत सापडणाऱ्या स्टिलबाइट-ह्युलँडाइटसारख्या झिओलाइटांना आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूतल्या इल्मेनाइटला लागू आहे. इल्मेनाइट हे टायटॅनियमचं मोठं कच्चं खनिज आहे, पण त्यातलं लोह काढल्याशिवाय त्याचं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड होत नाही.

९. कॅडमियम विषारी असतं ना? मग ते कसं वापरतात?

असतंच. जपानच्या तोयामा भागात जिन्झू नदीत खाणीचं कॅडमियम मिसळलं, ते पाण्यावाटे भातात गेलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ या नावाने तो आजार ओळखला जातो. अर्थ, ‘दुखतंय, दुखतंय’. हे ठाऊक असताना शेतावर किंवा छपरावर कॅडमियमची पूड पसरायला मी कधीच हो म्हणणार नाही.

संशोधनात ते वापरतात कारण त्याचा बँडगॅप २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, ते ५१५ नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाश घेतं आणि त्यातला इलेक्ट्रॉन हायड्रोजन करण्याइतका उंचावर असतो. एवढी चांगली जुळणी फार कमी पदार्थांत आहे. पण त्यातला होल पाण्याऐवजी त्याच्याच गंधकावर तुटून पडतो आणि कण विरघळू लागतो. याला प्रकाश-क्षरण म्हणतात. खनिजाच्या आधाराने, झिंक सल्फाइड मिसळून किंवा वर पातळ थर देऊन ते कमी करता येतं, पण अजून पूर्ण थांबवता आलेलं नाही. म्हणजे ते टिकतही नाही, आणि विरघळलेलं कॅडमियम पाण्यात उतरतं. माझ्या मते त्याचं काम शिकवण्याचं आहे, शेवटच्या उपकरणात जाण्याचं नाही.

१०. प्लॅटिनम लागतंच का? मग स्वस्त कसं म्हणायचं?

लागेलच असं नाही. अर्धवाहकावर हायड्रोजन जुळवणारे बारीक ठिपके हवेत, त्यांना सहउत्प्रेरक म्हणतात. प्लॅटिनम त्यात अव्वल. पण निकेल, कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमची संयुगंही चालतात. मॉलिब्डेनाइट या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांच्या कडांवर हायड्रोजन चांगला तयार होतो, मधल्या सपाट भागावर नाही. हे २००७ साली प्रयोगाने दाखवलं गेलं आणि तेव्हापासून कडा वाढवायची खटपट सुरू आहे.

११. एका बातमीत कार्यक्षमता ९६ टक्के, दुसरीत १ टक्कासुद्धा नाही. खरं कोणाचं?

दोन्ही खरं, आणि गंमत म्हणजे दोन्ही आकडे एकाच जपानी परंपरेतल्या कामाचे आहेत.

२०२० साली काझुनारी दोमेन यांच्या गटाने ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या कणांवर एका बाजूला रोडियम-क्रोमियम आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्ट बसवलं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात दर शंभर फोटॉनांपैकी ९६ पर्यंत कामी आले. ही क्वांटम कार्यक्षमता. इलेक्ट्रॉन आणि होल यांना जवळजवळ पूर्णपणे वेगळं करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. विज्ञान म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे.

२०२१ साली त्याच जातीची पूड काचेच्या छोट्या पॅनलांमध्ये पसरून १०० चौरस मीटरचा संच टोकियो विद्यापीठाच्या काकिओका इथल्या केंद्रात उघड्यावर लावला. तिथे सौर-ते-हायड्रोजन कार्यक्षमता, म्हणजे पूर्ण उन्हातली जेवढी ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरते तिची टक्केवारी, जास्तीत जास्त ०.७६ मिळाली. पूड बिघडली नव्हती; उन्हातच अतिनील प्रकाश थोडा असतो. प्रश्न ५ मधली २ टक्क्यांची मर्यादा आठवा.

बातमी वाचताना एवढंच बघा: टक्केवारी पूर्ण उन्हाची आहे की एकाच रंगाच्या प्रकाशाची? पूर्ण उन्हाची नसेल, तर तिच्यावरून इंधन किती मिळेल ते ठरवता येत नाही. पुडीची पद्धत व्यवहारात यायची तर पूर्ण उन्हात ५ ते १० टक्के हवेत, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने इंडियम-गॅलियम नायट्राइड आणि एकवटलेला प्रकाश वापरून ९.२ टक्के मिळवले. मोठ्या संचात नैसर्गिक उन्हात ६.२. पण तो पदार्थ महाग आहे.

१२. आमच्या प्रकल्पात मिथेनॉल घातल्यावर हायड्रोजन दहापट झाला. म्हणजे पदार्थ सुधारला का?

नाही. तुम्ही होलला सोपं खाद्य दिलंत. पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढणं अवघड असतं, मिथेनॉलकडून सोपं. होल मिथेनॉलमध्ये गुंतला की इलेक्ट्रॉन मोकळा राहतो आणि हायड्रोजन वाढतो. मिथेनॉल, ट्रायइथॅनॉलअमाइन, सोडियम सल्फाइड-सल्फाइटची जोडी अशा पदार्थांना मी ‘बळीची रसायनं’ म्हणतो. ती संपतात, पुन्हा घालावी लागतात, ती तयार करायलाही ऊर्जा लागते, आणि मिथेनॉलमधून तर काही हायड्रोजन थेट येतो.

प्रयोगात ती वापरायला काहीच हरकत नाही, फक्त हायड्रोजनची बाजू तपासायला त्यांचा उपयोग होतो. पण त्या आकड्याला ‘पाण्याचं विघटन’ म्हणू नका. पाणी खरंच फुटत असेल, तर दोन भाग हायड्रोजनबरोबर एक भाग ऑक्सिजन मिळायलाच हवा. ऑक्सिजन दिसत नसेल, तर होल कुठे गेला ते शोधा. माझ्या पहिल्या प्रयोगात हायड्रोजन भरपूर आला, ऑक्सिजनचा पत्ता नाही, आणि मी आठवडाभर खुशीत होतो. मागाहून कळलं की माती धुताना राहिलेलं अल्कोहोलच जळत होतं.

एक अपवाद मात्र चांगला आहे. टाकाऊ पदार्थच बळी म्हणून वापरला, तर दुहेरी फायदा होतो. तेलशुद्धीकरणात निघणारा हायड्रोजन सल्फाइड फोडायला एका मोलला सुमारे ३३ किलोज्यूल पुरतात, पाण्याला २३७. पुण्यातल्या सी-मेट या केंद्रीय संस्थेत या दिशेने बरंच काम झालं आहे.

१३. छपरावर एक चौरस मीटर लावलं, तर दिवसाला किती हायड्रोजन मिळेल?

आपल्याकडच्या चांगल्या दिवशी चौरस मीटरवर साधारण ५ किलोवॉट-तास ऊन पडतं. कार्यक्षमता १ टक्का धरली, तर दिवसाला दीड ग्रॅम हायड्रोजन. १० टक्के धरली, तर पंधरा ग्रॅम. एक किलो हायड्रोजन जळून सुमारे ३३ किलोवॉट-तास उष्णता देतो, म्हणजे पंधरा ग्रॅममध्ये अर्धा किलोवॉट-तास. यापेक्षा जास्तीचा दावा कोणी करत असेल, तर हाच गुणाकार त्याच्यासमोर मांडा.

१४. त्यापेक्षा सोलर पॅनल लावून विजेने पाणी फोडणं सोपं नाही का?

आज तरी सोपं आहे, आणि मी हे लपवणार नाही. २० टक्क्यांचं पॅनल चौरस मीटरवर दिवसाला १ किलोवॉट-तास वीज देतं. इलेक्ट्रोलायझरला एका किलो हायड्रोजनला ५० ते ५५ किलोवॉट-तास लागतात. म्हणजे दिवसाला अठरा-वीस ग्रॅम, आणि ही उपकरणं बाजारात मिळतात. प्रयोगशाळेत उत्तम पॅनल जोडून २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सरासरी ३० टक्के कार्यक्षमता ४८ तास टिकवून दाखवली आहे.

मग पुडीच्या मागे का लागायचं? कारण पूड आणि काच यापलीकडे तिला फारसं काही लागत नाही. पुडीचा थर फवारून देता येतो, तारा नाहीत, इन्व्हर्टर नाही. स्वस्त खनिजांवर ५ टक्के जरी बरीच वर्षं टिकले, तर गणित बदलू शकतं. ते ‘टिकले’ हाच कळीचा शब्द आहे. प्रयोगशाळेतले बरेचसे निकाल काही तासांचे असतात. उपकरण वर्षानुवर्षं उन्हात उभं राहायला हवं.

१५. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच भांड्यात निघतात. स्फोट होणार नाही?

होऊ शकतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो, आणि ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते. पुडीच्या पद्धतीतला हा खरा धोका आहे. काकिओकाच्या संचात पॅनलमधला पाण्याचा थर अगदी पातळ ठेवला होता आणि मिश्र वायू पॉलिइमाइडच्या पडद्यातून नेऊन हायड्रोजन वेगळा काढला. संच कित्येक महिने सुरक्षित चालला.

याच मिश्रणाची आणखी एक खोड आहे: प्लॅटिनम किंवा रोडियमच्या ठिपक्यावर दोन्ही वायू पुन्हा जुळून पाणी होतात. म्हणून ठिपक्यावर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच देतात. त्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, ऑक्सिजन आत जाऊ शकत नाही.

१६. दुष्काळी भागात पाणी कुठून आणायचं? आणि कोकणात समुद्राचं चालेल का?

एका किलो हायड्रोजनला फक्त ९ लिटर पाणी खर्च होतं, शुद्धीकरणात जाणारं वेगळं. शेतीच्या तुलनेत हे फार नाही, पण ते स्वच्छ हवं.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड असतं. होल पाण्याऐवजी त्याच्यावर जातो आणि क्लोरीनची संयुगं तयार होतात. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा थर पुडीवर बसतो. चिकणमातीवर बसवलेले कण खारट पाण्यात गोळा होऊन तळाला जातात. खाडीत नदीचा गाळ बसतो तसंच. तूर्त गोड पाणी करून वापरणंच बरं.

१७. पावसाळ्यात काय?

उत्पादन घटतं, बंद होत नाही. पुडीला ढगांतून येणारा विखुरलेला प्रकाशही चालतो. प्रकाश एकवटणारे आरसे असलेल्या संचांना तो चालत नाही.

१८. मग पाण्यावर चालणारी गाडी शक्य आहे?

नाही. पाणी हे जळून झालेलं इंधन आहे, त्याची राखच म्हणा ना. ते फोडायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच पुन्हा जळताना मिळते, वाटेतली तूट वजा. ती ऊर्जा उन्हातून आली तर ठीक. गाडीच्या बॅटरीतूनच काढायची असेल, तर हिशेब जमत नाही. अशा यंत्राला कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर देऊ नका. एका ओळखीच्या शेतकऱ्याची जमापुंजी अशीच गेली आहे.

१९. जमिनीतून आपोआप निघणारा हायड्रोजन म्हणतात, तो हाच का?

नाही, जरी तिथेही खनिज आणि पाणीच असतं. ऑलिव्हीनसारख्या खनिजातलं लोह खोल जमिनीत गरम पाण्याशी क्रिया करतं, सर्पेंटाइन आणि मॅग्नेटाइट तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. तिथे ऊन नाही, उत्प्रेरकही नाही. लोह स्वतःच खर्च होतं. मालीतल्या बुराकेबुगू गावात १९८७ मध्ये पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीतून जवळजवळ शुद्ध हायड्रोजन निघाला आणि पुढे त्यावर गावाला वीज मिळाली. उत्प्रेरक खर्च होत नाही, इंधन होतं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

२०. सरकारची योजना यासाठी आहे का?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली. खर्च १९,७४४ कोटी रुपये, लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्यातला मोठा वाटा इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजनच्या उत्पादनाला आहे. सूर्यप्रकाशाने थेट पाणी फोडणं अजून संशोधनाच्या पायरीवर असल्यामुळे ते प्रामुख्याने प्रयोगशाळांमध्येच दिसेल. पुण्यात सी-मेट आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी यावर काम झालं आहे. विद्यार्थ्यांनी तिथल्या खुल्या दिवसांना जरूर जावं.

२१. विज्ञान प्रदर्शनात काय दाखवता येईल?

उन्हात हायड्रोजनचे बुडबुडे दाखवायचा हट्ट धरू नका. साध्या पुडीतून डोळ्यांना दिसेल एवढा वायू येत नाही. दोन प्रयोग करा. एक, थोडं टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेथिलीन ब्लूचं फिकट द्रावण उन्हात ठेवा, शेजारी पूड न घातलेली बाटली आणि तिसरी अंधारात. निळा रंग कुठे आधी उडतो ते पाहा. हे होलचं काम, हायड्रोजन नव्हे, आणि फलकावर तसंच लिहा. दुसरा, नऊ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली दोन शिसं आणि धुण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी घेऊन विद्युत अपघटन. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. वायू साठवू नका. पूड हाताळताना मास्क लावा, टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. कॅडमियम शाळेत आणूच नका.

२२. दोन शोधनिबंधांत ‘मायक्रोमोल प्रति ग्रॅम प्रति तास’ आकडे आहेत. मोठा आकडा म्हणजे चांगला पदार्थ ना?

संमिश्रांच्या बाबतीत हा आकडा फार फसवतो. समजा १०० मिलिग्रॅम संमिश्रात ५ मिलिग्रॅम अर्धवाहक आणि ९५ मिलिग्रॅम माती आहे, आणि तासाला २० मायक्रोमोल वायू आला. पूर्ण वजनाने भागलं तर २००. फक्त अर्धवाहकाच्या वजनाने भागलं तर ४,०००. वायू तेवढाच, आकडा वीसपट. दोन्ही पद्धती छापून येतात, म्हणून भागाकार कशाने केला ते आधी शोधा.

शिवाय पूड दुप्पट केली म्हणून वायू दुप्पट होत नाही. एका मर्यादेनंतर वरची पूड खालच्या पुडीवर सावली धरते. कमी पूड घेऊन ‘प्रति ग्रॅम’ आकडा फुगवता येतो. दिव्याची ताकद, प्रकाशाची तरंगलांबी आणि उजळलेलं क्षेत्रफळ दिलेलं नसेल, तर दोन प्रयोगशाळांची तुलनाच होत नाही. प्रश्न ११ मधल्या दोन कार्यक्षमता म्हणूनच वापरतात.

२३. संमिश्रातून आलेला हायड्रोजन खरंच उन्हामुळे आणि पाण्यातूनच आला, हे सिद्ध कसं करायचं?

चार कोऱ्या चाचण्या लावा: तेच संमिश्र अंधारात; प्रकाश आहे पण पूड नाही; माती आहे पण अर्धवाहक नाही; आणि अर्धवाहक आहे पण माती नाही. पहिल्या तिन्हींत हायड्रोजन नगण्य यायला हवा. चौथीत किती येतो त्यावरून मातीने नेमकी काय भर घातली ते कळतं. मातीला सेंद्रिय रसायन लावून घेतलं असेल, तर त्यातलंही तपासा. तेच बळी जात असण्याची शक्यता असते.

मग प्रयोग लांबवा. आलेल्या हायड्रोजनचे मोल अर्धवाहकाच्या मोलांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त व्हायला हवेत. नाहीतर पदार्थच झिजून वायू देतोय, असं म्हणायला जागा राहते. ऑक्सिजन मोजा, दोनास एक हे प्रमाण बघा, आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरत नाहीये ना, हे नायट्रोजनच्या प्रमाणावरून पडताळा. शेवटी तीच पूड गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा तीन-चार वेळा वापरा. पहिल्या फेरीचा आकडा सगळेच सांगतात. मला विचाराल तर मी चौथ्या फेरीचा आधी बघतो.